एकोणीस नंबरची दाढ

फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे
दीड ओळ मोकळी होती.
मी लिहिलं : देशसेवा.
बाकीची ओळ तशीच राहिली.

सार्जंट डेल्रॉय म्हणाले, झकास.
त्यांचं ऑफिस लाँड्री आणि पिझ्झावाल्याच्या मध्ये,
भिंतीला पाठ टेकली की पलीकडचे कपडे
गरगरताना जाणवायचे.
पेन घरी ने, म्हणाले. मी तीन नेली.

त्या मोकळ्या जागेत
खालच्या जबड्यातली, डावीकडची दाढ मावली असती.
डॉक्टरांच्या हिशेबात नंबर एकोणीस.
माझं वयही तेच.

आमच्या खोऱ्यातली खाण बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते.
खाणीबरोबर विमा गेला,
विम्याबरोबर दातांचा डॉक्टर.
आई चौतिसाव्या वर्षी
तोंडावर हात ठेवून हसायला लागली.
त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तो हात आहे,
अंगठी पुढे आलेली.

वर्षातून एकदा शाळेच्या जिममध्ये फुकट शिबिर.
रात्री दोनला पिकअप रांगेत लावायचो,
टपावर दव, आत आम्ही तिघं एका गोधडीत.
माझा नंबर चारशे बारा.
चारशेला दार बंद झालं.
एका बाईनं बाहेर येऊन ब्रश वाटले, जांभळे,
आणि सॉरी म्हणाली, प्रत्येकाला वेगवेगळं.

हरलेले दाती तृण धरतात म्हणे.
आम्ही लवंग धरली.

क्लीटची दाढ मात्र शहरात नेऊन काढली,
उसनवारी करून.
सोबत बाटली दिली, तीस गोळ्या, पांढऱ्या.
दुखणं चार दिवसांत थांबलं.
गोळ्या थांबल्या नाहीत.
पुढचं मी सांगणार नाही.
त्याच्या खाटेवर आई हल्ली
धुतलेले कपडे ठेवते, घडी न करता.

म्हणजे मी नुसत्या दुखण्याला भीत नव्हते.
दुखणं थांबवणाऱ्यालाही भीत होते.
तीन वर्षं उजवीकडून चावलं,
मक्याची भाकरीसुद्धा.

आणि आर्विल मामा.
तो वाळवंटातून परत आला
पांढरीशुभ्र बत्तिशी घेऊन.
आजीनं त्याला पायरीवरच आ करायला लावलं,
बोट फिरवून मोजले.
सगळे आहेत, म्हणाली, आणि रडली.
इतके दात, आणि त्यांच्यातून बाहेर पडायला
त्याच्याकडे शब्दच नव्हते.
दिवसभर ट्रकखाली पडून असायचा,
ट्रक बिघडलेला असो, नसो.

सही करताना मला त्याचे बूट दिसत होते,
ट्रकखालून बाहेर आलेले.
सार्जंटना वाटलं मी स्पेलिंग आठवतेय.
मग लिहिलं, पूर्ण नाव :
रोएना मे टॅकेट.

छावणीत दुसऱ्याच आठवड्यात
डोळ्यांवर दिवा, तोंडात आरसा, बोटं, कापूस.
कॅप्टनबाई म्हणाल्या, कुठली तू?
मग स्वतःच कागदावर बघून म्हणाल्या, केंटकी, बरं.
आणि भरती का झालीस?
मी म्हटलं, आ.
त्यांनी मान हलवली.
हो, म्हणाल्या, तुमच्याकडचे बरेच जण हेच सांगतात.

रविवारी फोनवर आईनं विचारलं,
कसला आवाज येतोय कुडूमकुडूम?
शेंगदाणे, म्हटलं. डावीकडून.
ती काहीच बोलली नाही.
तिचा हात आत्ता कुठे असेल
ते मला इथून दिसलं.

पोस्टिंगची यादी गुरुवारी लागणार आहे.
ते मी तिला सांगितलं नाही.
आणखी एक मूठ तोंडात टाकली
आणि सावकाश चावत राहिले,
तिला नीट ऐकू जावं इतकी.